कमानीखालची जागा

शेगडीजवळ सरका, पोरांनो. पिलारच्या माउलीला, आपल्या मारियामातेला, मी एकदा नवस बोलले होते: माझा भाऊ एलादिओ चर्चमधून स्वतःच्या पायांनी बाहेर आला, तर डॉन इलारिओनच्या नावाने दर महिन्याला मेणबत्ती लावीन.

डॉन इलारिओन म्हणजे आपलं चर्च बांधणारे आर्किटेक्ट. दीडशे वर्षं होत आली त्याला. पाथरवटाचा मुलगा, माद्रिदला शिकला, आपल्या नदीवर पूल बांधला, बाजार बांधला. त्यांची एक रीत होती. कमानीखालचे लाकडी टेकू काढायच्या दिवशी ते टोपी काढून बरोबर खाली उभे राहायचे. म्हणायचे, "पडली तर आधी माझ्या डोक्यावर." आपल्या चर्चचे टेकू निघायच्या आदल्या दिवशी मात्र ते तापाने गेले. त्यांची जागा रिकामीच राहिली.

परवाच्या हिवाळ्यात त्याच कमानीची दुरुस्ती निघाली, खाली पुन्हा लाकडी टेकू लागले. गवंडी आपला एलादिओच. सान आन्तोनच्या सणाच्या आदल्या रात्री चौकात जाळ पेटला होता, सॉसेज भाजत होते. मी म्हटलं, "एलादिओ, वेदीवरच्या दिव्यात तेल घालून ये रे."

"ताई, तुझ्या संतांना रात्रीची तरी झोप घेऊ दे की!" हसतच गेला.

पुढचं त्याच्याच तोंडचं. तेल घालून तो परत निघाला. कमानीखाली आला, आणि वर... कट्. टेकूची पाचर सरकली. पुन्हा कट्. त्याचे पाय हलेनात.

समोर म्हातारा. काळा कोट. डोकं उघडं.

"बाहेर हो, पोरा. ही जागा माझी."

एलादिओ पळाला.

मागे धडाधड आवाज. चौकातलं गाणं थांबलं. दारातून पांढरा लोट आला. मी तिथेच गुडघे टेकले. तोच माझा नवस.

आणि त्या लोटातून एलादिओ आला. चालत.

धूळ बसल्यावर आम्ही दिवे घेऊन आत गेलो. टेकू सगळे आडवे. कमान मात्र उभी. फरशी चुन्याने पांढरीफटक. फक्त कमानीच्या बरोबर खाली, बुटांच्या तळव्यांएवढ्या दोन काळ्या जागा. तिथे चुना पडलाच नव्हता. तिथवर येणारं पाऊल नाही... जाणारंही नाही.

उद्या चर्चला जाल ना, तेव्हा तुम्हीही एक मेणबत्ती लावा, बाळांनो. आपल्या डोक्यावरचं छप्पर ज्यांनी बांधलं, त्यांच्या नावाने.