कडूबाईचा डावा हात

शेकोटीजवळ सरका बे, अन् ते मोबाईल ठेवा खाली. गेल्या येळवशीची, मार्गशीर्षातल्या अवसंची रात हाय ही. भागवत माज्या पाव्हण्यातला, शेरडं राखतो. माळावर एकटं घर. लबाड बोलणं त्याला जमतच न्हाई.

त्या सांजच्याला तो धर्मापुरीला गेलता, आईसाठी रबरी चेंडू आणायला. आता म्हातारीला चेंडू कावून? तर कडूबाईचा डावा हात दोन वर्सं तिचं ऐकत नव्हता. उजव्या हातानं घास तोंडाशी न्यावा, डाव्यानं हिसकून फेकावा. "ह्यो हात माजा न्हाई," म्हणायची. ती माणसं इसरायला लागली, पाय जड झाले. एका डॉक्टरनं लकवा सांगितला, दुसऱ्यानं कंपवात. देवऋषी म्हणला, मेलेली जाऊ हातात शिरलीया. रातीला तो हात शेरडांची दावी सोडायचा. मग भागवत तो खाटंला बांधायला लागला. करडाला घालत्यात ती गाठ, आईनंच शिकवलेली. पहिल्यांदा बांधताना लई रडला. पुढं त्याला कायच वाटंना झालं.

आदल्या दिवशी बीडला एका डॉक्टरीणबाईनं नीट तपासलं. म्हणल्या, "मेंदू झिजतोय यांचा. या विस्मरणाच्या आजारात हात कधी कधी आपल्या मनानं चालतो, लवकर ओळखू येत नाही. बांधू नका. त्याला काहीतरी धरायला द्या."

धर्मापुरीला निघताना भागवत म्हणला, "आई, आजच्यापुरतं. चेंडू आणतो अन् सोडतो."

"आत्ताच सोड की रं."

त्यानं न्हाई सोडलं.

परत आला तवा आठ वाजलेले. लाईट गेलेली. बायको, सुकन्या, घरात न्हाई. त्यानं चाचपून गाठ सोडली. चेंडू पुढं केला...

हातानं चेंडू घेतला न्हाई. भागवतचं मनगट धरलं. घट्ट.

"सुटलीस बघ, आई."

दुसऱ्या हातानं त्यानं तिचं पांघरूण सारखं केलं.

तो तसाच बसून राहिला. शेरडं गप. चेंडू कुठंतरी घरंगळत गेला...

मग बॅटरीचा उजेड आला. सुकन्या गावातून चार माणसं घेऊन आलती. दारातच थांबली.

"तुमचा फोन लागंना... आत्याबाई दिस मावळतानाच गेल्या. ती गाठ मला सुटली न्हाई."

भागवतनं खाली बघितलं. बोटं धरूनच व्हती. चौघांनी मिळून सोडवली.

वर्स होत आलं. उद्या शेरडं घेऊन तो इकडूनच जाईल. त्याच्या मनगटावर अजून वळ हाईत, बघा. चार बोटं वरून, अंगठा खालून... डाव्या हाताची.