रांगेचं शेपूट

त्या दुपारी धक्क्यावर पोहोचून त्याने उंच धरलेली छत्री मिटली आणि मागून ‘आले सगळे’ ऐकू यायची वाट पाहिली. ते आलं नाही. संध्याकाळी धक्क्याच्या खालच्या पायरीवर बायकोची एक चप्पल सापडली. नदीने बाकी काही दिलं नाही.

उन्हाळी पर्यटकांना गोऱ्यांच्या वेळचं शहर पायी दाखवायचं, हा दोघांचा धंदा. जुनी कचेरी, घड्याळाचा मनोरा, गोदामांची गल्ली आणि शेवटी नदीचा धक्का. तो पुढे, ती सगळ्यांच्या मागे. फोटोंत रमलेल्यांना, पाय दुखणाऱ्यांना ती हाकत आणायची. दर वळणावर तिची ‘आले सगळे’ अशी हाक आली की तो पुढे निघायचा. वळून बघायची त्याला कधी गरजच पडली नाही.

“मी तोंड, ही शेपूट,” तो पर्यटकांना सांगायचा.

“तोंड नुसतं बडबडतं हो! माणसं शेपूट सांभाळतं,” ती मागून ओरडायची.

पुढच्या उन्हाळ्यात तो एकटाच निघाला. पोटासाठी, आणि घर खायला उठायचं म्हणून. पहिल्याच दिवशी गोदामांच्या गल्लीत मागे पडलेल्या एक आजी धापा टाकत आल्या.

“तुमच्या मागच्या बाई भल्या हो. हाताला धरून आणलं मला.”

“कोण बाई?”

“आत्ता तर होत्या! हात मात्र गारठलेला. एवढ्या उन्हात!”

आजींची बाही कोपरापर्यंत ओली होती.

मग रोज कुणी ना कुणी तेच सांगू लागलं. तो गर्रकन वळायचा. गल्ली रिकामी. तापल्या फरशीवर वाळत चाललेली ओल, तेवढीच. एकदा दिसावी, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटी त्याने छत्री पर्यटकांतल्या एका निवृत्त मास्तरांच्या हाती दिली.

“तुम्ही पुढे व्हा. मी मागे राहतो.”

“आणि वाट चुकलो म्हणजे?”

“चुकाल कसे? सगळ्या गल्ल्या नदीलाच जातात.”

तो सगळ्यांच्या मागून चालू लागला. पाठीमागे कुणी नव्हतं.

धक्का आला. मास्तरांनी छत्री मिटली. सगळे खाली पाण्यापाशी गेले. तो वरच थांबला.

“निघू नका. एक राहिलाय अजून.”

आवाज अगदी कानाशी होता. दमलेला, जरासा वैतागलेला. तिचाच.

गार बोटांनी त्याचं मनगट धरलं.

आता वळायचं त्याला धाडस झालं नाही.

उन्हाळा सरला. त्याच्या शर्टाची बाही अजून वाळलेली नाही. तिने ‘आले सगळे’ म्हणायचं तेवढं राहिलंय.