तिसरा मेसेज

मी किराणा घरपोच देणाऱ्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्स लिहिते. फोन वाजतो, 'साखर संपली ना?' असं दिसतं आणि तुम्ही चरफडता, ते पाप माझं. दर वेळी दोन मेसेज लिहायचे, थोड्या थोड्या लोकांना पाठवून बघायचे. ज्याला जास्त लोक भुलतात, तो मग सिस्टिम सगळ्यांना धाडते. ऑर्डरी वाढल्या की आमचे साहेब माणसात येतात.

त्या दिवशी जेवून जागेवर आले, तर स्क्रीनवर तीन मेसेज. तिसरा असा: 'अहो, किती वेळ उभी आहे. दार उघडा ना.'

"हे काय भलतंच? कुणी लिहिलं?"

शेजारच्या डिझायनरने खांदे उडवले. साहेब म्हणाले, "कुणी का लिहिना! आकडे बघ. हात लावलास तर याद राख."

मेसेज कुणाला जातोय ते मी पाहिलं. एकट्यापुरतं सामान मागवणाऱ्यांना. अर्धा लिटर दूध, दोन बटाटे. आई गेल्यापासून बाबा असंच मागवतात.

फोन लावला. बाबा चक्क खुशीत होते.

"अगं, तुमच्या अ‍ॅपात तुझी आई बोलते! सकाळी चष्मा सापडेना. म्हणाली, फ्रीजमध्ये बघा. तिथंच होता."

"बाबा, ती जाहिरात आहे."

"असेल. पण आता दाराबाहेर बांगड्या वाजतायत."

"दार उघडू नका. माझी शपथ आहे."

"नाहीच उघडत इतक्यात," ते हसले. "तयार होईपर्यंत तिनं मला आयुष्यभर ताटकळवलंय. आता तिलाही जरा उभी राहू दे."

मी फोन ठेवला आणि साहेबांच्या नाकावर टिच्चून तो मेसेज बंद केला. मी भयंकर घाबरले होते, आणि त्या घाईत एक नियम साफ विसरले. आमच्याकडे कुठलाही मेसेज बंद केला की, ज्यांनी प्रतिसाद दिलेला नाही त्यांना शेवटचा एक आपोआप जातो. संधी निसटतेय म्हटलं की लोक हमखास धावतात.

तो गेलाच. स्क्रीनवर उमटला.

'बरं. मग मी निघते हं.'

बाबांचा फोन नुसता वाजत राहिला.

रिक्षा केली. जिने धावत चढले.

दार सताड उघडं होतं.

पंखा चालू. फोन टेबलावर, चष्मा त्याच्यावर. मी हाका मारल्या, मोरीत पाहिलं, गॅलरीत पाहिलं. खालचा वॉचमन म्हणाला, कुणीच बाहेर पडलं नाही.

मी उंबऱ्यातच बसले आणि ढसाढसा रडले.

हातातला फोन वाजला.

'बाबा चपला विसरले गं. येताना घेऊन ये.'

चपला दाराशीच होत्या. मेसेजखाली एकच बटण होतं: 'निघाले'.