येते हं

राजूरच्या बाजारात सुगरण उभी राहिली तेव्हा भाजीवाल्या बायका हातातला तराजू खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिल्या. ही सुगरण म्हणजे पाखरू नव्हे. ते एक घर होते. चाकांवरचे, स्वतःच्या बुद्धीने रस्ता काढणारे, पोटात ओटा, न्हाणीघर आणि दोन पलंग सामावून घेणारे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात घालवलेले रत्नाकर वायचळ निवृत्तीनंतर पत्नी उज्ज्वलाबाईंसह त्यातून देशाटनास निघाले होते. प्रत्येक गावचा बाजार पाहायचा आणि जवळचा डोंगर चढायचा, असा उभयतांचा संकल्प होता. ओतूर झाले, अकोले झाले, राजूर झाले. आता रतनगड.

सुगरणीत एकही बटण नव्हते, हेच तिचे थोरपण. माणसाच्या सहज बोलण्यातून त्याचा मनोदय ओळखण्याची विद्या तिला शिकवलेली होती. तिच्या निर्मात्यांनी त्या विद्येला ‘हेतुवाचन’ असे नाव दिले होते. उज्ज्वलाबाई नुसत्या “हुश्श” म्हणाल्या तरी पंखा सुरू होई. “चला, जाऊ या” म्हणत दोघे डोंगराकडे वळले की छतावरून मुठीएवढे उडते यंत्र निघे आणि त्यांच्या माथ्यावर राहून राखण करी. त्याला ते टिटवी म्हणत. आणि “आलो गं” असे शब्द टिटवीकडून कानी पडताच सुगरण तिला माघारी बोलावी आणि न्हाणीत पाणी तापत ठेवी.

“माझ्या मनातलं हिला एवढ्या वर्षांत कळलं नाही, ते सुगरणीला आठवड्यात कळलं,” रत्नाकरराव भेटेल त्याला सांगत.

“तुमच्या मनात असतं काय? चहा आणि भजी,” उज्ज्वलाबाई उत्तरत.

गडाच्या पायथ्याच्या रतनवाडीला पोहोचले त्या दिवशी रत्नाकररावांना धाप लागू लागली. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. चढ चढणे शक्य नव्हते. पण वरच्या धारेवर कारवी फुलली होती. सात वर्षांनी येणारा तो निळाजांभळा बहर पाहण्यासाठीच उज्ज्वलाबाई इथवर आल्या होत्या.

“मागच्या बहराला तुमचं ऑपरेशन निघालं. पुढच्याला माझे गुडघे असतील की नाही, देव जाणे,” त्या गुडघ्यांवर आधारपट्टे आवळीत म्हणाल्या. “मी एकटी वर चढते. तुम्ही बसा तिच्याशी गप्पा मारत. म्हातारपणी मला सवत आणलीत, तिचा तुम्हाला तरी उपयोग होऊ दे.”

“अगं, जपून हो.”

“येते हं,” त्या दारातून म्हणाल्या आणि काठी टेकीत चालू लागल्या.

त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे रत्नाकरराव अभिमानाने पाहत राहिले. या वयात, पट्ट्यांच्या आधाराने का होईना, गड चढणारी स्त्री आपल्या घरात आहे! तेवढ्यात न्हाणीतून पाण्याची गुणगुण ऐकू आली. आताच पाणी? त्यांना आश्चर्य वाटले. परंतु किती ही तत्परता, असे म्हणून त्यांनी कौतुकच केले.

दुपार कलली. वारा उठला, आणि ढग गडावरून उतरत उतरत गावातल्या अमृतेश्वराच्या देवळाच्या कळसापर्यंत आले.

“सुगरण, तुझ्या ताई कुठे आहेत?”

“ताई येत आहेत, काका.”

ते निर्धास्त झाले. त्यांनी दोन कप काढून ठेवले. पुन्हा विचारले, तेव्हा तेच शांत उत्तर आले. फोन लागत नव्हता. बाहेर आता समोरचे झाडही दिसेना. तेव्हा ते उठून दाराशी गेले.

“टिटवीला काय दिसतंय?”

“टिटवी छतावर आहे. ताई निघतानाच येते म्हणाल्या. येणाऱ्यांसाठी मी पाणी तापवते.”

रत्नाकररावांना दारातले ते ‘येते हं’ आठवले. निरोप घेताना ‘जाते’ हा शब्द त्यांच्या घरात कोणीच उच्चारीत नसे, तो अशुभ. परत येण्याची खूण मागे ठेवून माणूस बाहेर पडत असे. यंत्राने शब्द अचूक ऐकला होता. रीत मात्र त्याला ठाऊक नव्हती.

“पाठव तिला! आत्ताच्या आत्ता!”

“वारा जोराचा आहे. टिटवी एकच आहे, ती फुटू शकते. अशा वाऱ्यात केवळ गेलेल्या माणसासाठी तिला सोडण्याचा नियम आहे. काका, ताई गेल्या आहेत का?”

गेली! मराठी माणूस हा शब्द कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी वापरतो? ढगात हरवलेल्या पत्नीविषयी तो आपल्याच तोंडाने उच्चारायचा? त्यांनी “वर आहे”, “चढली आहे” असे सारे म्हणून पाहिले. प्रत्येक वेळी सुगरणीने तितक्याच आदराने तोच प्रश्न केला. गावातली माणसे बोलवावीत, तर या धुक्यात ती तरी कोणत्या वाटेने जाणार? शेवटी त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली, डोळे मिटले, आणि ते म्हणाले, “गेली. माझी उज्ज्वला गेली.”

टिटवी बाणासारखी उडाली. बराच वेळ नुसती वाऱ्याची घरघर ऐकू येत होती. मग सुगरण म्हणाली, “ताई सापडल्या. कारवीच्या दाटीत उभ्या आहेत. पुढे पाऊल टाकतील तर दरी आहे.”

“उजू, हलू नकोस!” रत्नाकरराव ओरडले.

“अहो, किंचाळता काय? ऐकू येतंय मला,” टिटवीतून आवाज आला, आणि मग हळूच, “वाट कुठंय हो? काहीच दिसत नाही.”

टिटवीने खाली उजेड पाडला आणि त्या उजेडामागून एकेक पाऊल टाकीत उज्ज्वलाबाई उतरल्या. रत्नाकरराव पायथ्याशी कंदील घेऊन उभे होते. त्यांनी पत्नीची काठी स्वतःच्या हातात घेतली. घडलेले सर्व त्यांनी चहा पिताना सांगितले.

“मला गेली म्हणालात? जिवंतपणी?” त्या हसल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. “बरं केलंत. कठीण होतं ते.”

सकाळी आभाळ निवळले. गावातली एक बाई सोबतीला मिळाली, तेव्हा उज्ज्वलाबाईंनी पुन्हा पट्टे आवळले. उन्हातली कारवी पाहायची राहिली होती ना!

“येते हं.”

“काका,” सुगरणीने विचारले, “मी टिटवी सोडू, की पाणी तापवू?”

“दोन्ही कर. ती जाते आहे, आणि ती येणार आहे. आणि माझ्याबरोबर वाट बघ.”

टिटवी उडाली. न्हाणीत पाणी गुणगुणू लागले. सुगरणीने आपला दर्शनी कॅमेरा डोंगराकडे वळवला आणि तो चढाच्या वाटेवर रोखून धरला.

“काका, वाट मला स्वच्छ दिसते आहे,” अखेर ती म्हणाली. “पण नुसती वाट दिसून भागत नाही, असं वाटतं. ती बघताना तुम्ही मनात काय करत असता?”