एवढ्याशा छातीत

दवाखान्याच्या छतावर कुणीतरी पालथं पडलं होतं.

वाफेवाली धुतलेले मास्क वाळत घालायला शिडी चढली आणि वरच्या पायरीवरच थबकली. पाण्याच्या टाकीशी एक तरुण पोटावर झोपून पांढरी पेटी तारेने आवळत होता. शिशाच्या भट्टीवाल्यांचाच कुणीतरी असणार, टाकीत काहीबाही कालवायला आलेला... ती आवाज न करता खाली उतरली आणि शिडी काढून भिंतीशी आडवी ठेवून दिली.

थोड्या वेळाने वरून एक डोकं डोकावलं. केस धुळीने करडे झालेले, कपाळावर काजळीचा पट्टा.

"इथे शिडी होती ना?"

"होती."

"मग...?"

"आधी सांगा, वर काय चाललंय."

"हवा मोजतोय."

"वजनावर की मापावर?"

तो हसला – अगदी मोकळं, पोटापासून. त्या वस्तीत माणूस हसू लागला की मागोमाग खोकला ठरलेला. याला आला नाही. तिच्या ते लगेच लक्षात आलं, आणि का कोण जाणे, तिने शिडी उचलून लावली.

दम लागलेल्यांना मशीनने वाफ द्यायची, हे तिचं काम. सकाळपासून आया पोरांना कडेवर घेऊन रांगेत बसायच्या. त्यामुळे सगळी वस्ती तिला वाफेवालीच म्हणायची. डॉक्टरबाईंनी ओळख करून दिल्यावर दोन दिवसांत तोही हवावाला झाला.

वस्ती बसली होती खिंडीत सापडल्यासारखी. एका अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्ट्या, दुसऱ्या अंगाला रंगाचा कारखाना आणि रोज नवा रंग घेऊन वाहणारा त्याचा नाला. मागे कायम धुमसणारा कचऱ्याचा डोंगर, पुढे अवजड गाड्यांचा रस्ता. कुणी तक्रार केली की जो तो आपला कागद दाखवायचा – आमचा धूर मर्यादेत, आमचं पाणी मर्यादेत. आणि त्यात खोटं काही नव्हतं. हवावाल्याच्या कामाची मेख तिथेच होती. हे सगळं मर्यादेतलं विष एकाच माणसाच्या अंगात उतरलं, आणि तो माणूस आधीच अर्धपोटी, राबून थकलेला असला, तर काय होतं, हे त्याला दाखवून द्यायचं होतं.

तिच्या वडिलांना, आबांना, हे समजावून सांगायची गरज पडली नाही. भट्टीवर उमर गेली होती त्यांची. आता खाटेवर उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. आडवं झालं की जीव घुसमटायचा. ते म्हणाले, "थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात ना पोरा, आमचं ते एवढ्याशा छातीत साचलं."

परक्या माणसाला वस्तीत कुणी दार उघडत नसे. म्हणून दुपारी डॉक्टरबाई तिला त्याच्यासोबत धाडू लागल्या. पहिल्या दिवशी तो तोंडाला जाड मास्क लावून आला.

"काढा तो," ती म्हणाली. "आम्ही चेहरा बघून दार उघडतो."

त्याने मुकाट्याने काढला. दिवसभर घराघरांतून फिरला, चुलीपुढे उकिडवा बसून माणसांची दुखणी ऐकली. कुणाचं मूल वर्षाचं होऊनही बसत नव्हतं, कुणाच्या घरात एकामागून एक दोघं गेले होते. प्रत्येक दाराबाहेर आल्यावर तो क्षणभर थांबायचा आणि मग पुढचं दार वाजवायचा. ती ते बघत राहायची.

दुसऱ्या दिवशी भट्ट्यांच्या गल्लीत शिरताना ती थांबली. त्या गल्लीत जिभेवर कायम लोखंड चाटल्याची चव यायची.

"मास्क घाला."

"काल तर काढायला लावलात."

"काल तुम्ही परके होतात."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. ती भराभरा पुढे चालू लागली. तो मात्र मास्क हातात धरून तिथेच उभा... गल्लीतली एक म्हातारी ओरडली, "अरे, वाट अडवून काय उभा राहिलास? गाडी येऊ दे ना." तेव्हा कुठे तो भानावर आला.

असेच दिवस गेले. तो चहा प्यायला दवाखान्यात थांबायचा, ती मशीनच्या नळ्या धूत बसायची. बोलणं सगळं कामाचं, पण कामाचं बोलणं संपता संपत नसे. आबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हवा आपल्या घराकडेच जास्त खराब आहे वाटतं," ते एकदा म्हणाले, "हल्ली रोज मोजायला येतो." ती खाली मान घालून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

मग बायकांच्या आणि मुलांच्या रक्ताची तपासणी झाली. ओळीने हात पुढे करताना बायका बिचकत होत्या, म्हणून तिने आपला हात सगळ्यांत आधी पुढे केला.

निकाल आले त्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावून दार लोटलं. तिच्या रक्तात शिसं होतं, पुष्कळ. आजचं नव्हे, लहानपणापासूनचं. त्या काळी आबा फुटक्या बॅटऱ्या घरी आणत, आणि आई आणि ती अंगणात बसून त्या सोलत. शिसं हाडांत मुरून बसतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि बाई गरोदर राहिली की तेच हाडांतून सुटतं, बाळापर्यंत जातं. इथून बाहेर पडणं हेच पहिलं औषध.

तिने आबांना काही सांगितलं नाही. हवावाल्यालाही टाळू लागली. तो छतावर असला की ती खाली, तो दारात आला की तिला मागच्या खोलीत काम निघे.

शेवटी तो हवा मोजायच्या पेट्या उतरवायला आला त्या दुपारी तिला वर जावंच लागलं. भुरभुर पाऊस होता, पत्र्यांवरून काळे ओघळ उतरत होते. तो म्हणाला, "तुम्हाला एक विचारायचं होतं... कधीपासून."

"नका विचारू." तिचा आवाज सपाट होता. "ज्या बायकांचं रक्त वाईट निघालं, त्यांतली मी एक आहे. म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फक्त आकडे पाहिले होते. नावं डॉक्टरबाईंपाशी होती. मग पेटी उचलून तो शिडी उतरून गेला. ती पावसात तशीच उभी राहिली. जाऊ दे, तिने स्वतःला बजावलं. चांगल्या छातीचा माणूस आहे, इथून सुटलेलाच बरा.

पुढे सरकारी साहेबांसमोर वस्तीच्या तक्रारीची सुनावणी झाली. त्याने सगळं मांडलं – हवा, पाणी, माती, रक्त. साहेब लोकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कायद्यात एकेका कारखान्याची मर्यादा आहे, सगळ्यांच्या बेरजेची कुठे आहे? पुन्हा मोजणी करू, मग पाहू. भट्ट्या त्याही संध्याकाळी नेहमीसारख्या पेटल्या.

त्यानंतर तो आला तो थेट घरी. आबा उशांना टेकून बसले होते. ती उंबऱ्याशीच त्याची वाट अडवून उभी राहिली.

"इतके दिवस मोठ्या दवाखान्यात खेटे घालत होतो," तो म्हणाला. "चांगली हवा, नीट खाणंपिणं, आणि वर्षं... रक्तातलं शिसं हळूहळू उतरतं म्हणतात. पुरतं उतरेल असं कुणी लिहून देत नाही. मूल होईल, न होईल. पण मी मुलासाठी विचारत नव्हतो."

तिचे डोळे भरून आले. तरी ती हटली नाही. "आबा हे घर सोडायचे नाहीत. आणि त्यांना टाकून मी येणार नाही. तुम्ही म्हणाल, मग मीच इथे येतो... ते मला चालायचं नाही. तुमची छाती मी इथे घालवू देणार नाही."

यापेक्षा सरळ शब्दांत ती त्याला काय सांगणार होती?

आत खाट करकरली. आबांनी सगळं ऐकलं होतं – रक्ताचंही. या घरातून निघेन तो चार खांद्यांवर, असं अख्ख्या वस्तीला ऐकवणारा म्हातारा, भिंत धरून उभा राहिला होता. धाप लागली होती.

"बॅटऱ्या घरी मीच आणल्या," ते म्हणाले. "माझ्या चपला कुठायत? मला ने इथून, पोरा. मी निघालो म्हणजे ही निघेल."

गावाच्या वाऱ्याकडच्या अंगाला, टेकडीपाशी, भट्ट्यांचा धूर पोचत नाही तिथे, त्याने त्यांच्यासाठी दोन खोल्या पाहून दिल्या. सामान गाडीवर चढलं त्या दिवशी शेजारीण दारात आली. कडेवरचं मूल धापत होतं. "तू सुटलीस बाई," एवढंच म्हणाली. रागाने नव्हे. वाफेवालीला ते जास्त लागलं. "कुठे सुटले? सकाळच्या पहिल्या बसने येतेय, मशीन मीच लावणार," ती म्हणाली, आणि पुढे तसंच केलं, वर्षानुवर्षं.

पण नव्या घरातली पहिली पहाट काही वेगळीच होती. तिला दचकून जाग आली. काहीतरी नव्हतं... आबांचा खोकला ऐकू येत नव्हता. ती धडपडत बाहेरच्या खोलीत गेली. आबा उशांवरून घसरून चक्क आडवे झाले होते, तोंड किंचित उघडं. तिने हात त्यांच्या छातीवर ठेवला.

छाती वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. दारावर टकटक झाली. हवावाला दुधाची पिशवी घेऊन आला होता. तिचे डोळे पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आबा...?"

"झोपलेत," ती म्हणाली. "आडवे होऊन झोपलेत." आणि त्याचा हात धरून तिने त्याला उंबऱ्याच्या आत ओढलं. "आवाज करू नकोस. ये, तू आत ये."