कशाबद्दल ते सांगायचं

त्या दिवशी आमच्या नेहमीच्या चमूतले दोघं आलेच नाहीत, म्हणून मी अनोळखी लोकांबरोबर डोंगर चढायला गेले. डोंगर पडद्यावरचाच. सकाळचे सहा वाजलेले, आई ओट्यापाशी, आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन खिडकीत.

आमच्या खेळात पाच जण मिळून एका राक्षसाशी लढतात. एक जण पुढे उभा राहून मार खातो. तिघं मारतात. आणि एक जण मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरत असतो. ती मागची मी. खेळातलं माझं नावही मलम. राक्षस पडला की नाणी वाटली जातात, पण ज्याचे घाव जास्त त्याचा वाटा जास्त. त्यामुळे मलमवालीच्या हाती चिल्लर येते. म्हणून कधीतरी कोणीतरी एक रीत पाडली, की जिंकल्यावर मागच्या माणसाला आपल्यातलं थोडं द्यायचं. टिप म्हणून. सगळे देतात असं नाही. बरेचसे जण राक्षस पडताक्षणी गायब होतात.

त्या दिवशीही तिघं गायब झाले. उरला फक्त पुढे मार खाणारा. त्याचं नाव भिंत. तो जड पावलं टाकत माझ्यासमोर आला आणि माझ्या पायाशी दोनशे नाणी टाकली.

ते पायाशी टाकणं मला झोंबलं.

“हे काय?” मी टाइप केलं.

“टिप.”

“मी वेटर आहे का?”

मग हळूच एक ओळ आली. “नाही. वेटरने मला सात वेळा मरता मरता वाचवलेलं नाही अजून.”

सात… मी मोजलं नव्हतं. त्याने मोजलं होतं.

“तुमची नाणी उचला,” मी लिहिलं. “मागे थांबणं माझं कामच आहे, म्हणून थांबले होते.”

लिहून झालं आणि जीभ चावली. या खेळात मी नेहमी ‘थांबलो होतो’ असंच लिहायचे. मुलगी आहे असं कळलं की लोक एकतर उगाच गोड होतात, नाहीतर शिकवायला लागतात. त्या दिवशी रागाच्या भरात खरं क्रियापद निसटलं. मी वाट बघत बसले, की आता हा काय होतो… गोड, की मास्तर?

“माफ करा,” त्याने लिहिलं. “टिप कशी द्यायची ते मला कोणी शिकवलेलं नाही. तुम्ही सांगाल?”

मग काय, मीच मास्तरीण झाले. खेळ संपायच्या आधी द्यायची नाही, ती लाच होते. पायाशी टाकायची नाही, हातात द्यायची. ढीगभर द्यायची नाही, समोरच्याला ओशाळं वाटतं. आणि मग, का ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी आणखी एक नियम घातला — कशाबद्दल ते सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो हजर. राक्षस पडल्यावर त्याने माझ्या हातात पाच नाणी ठेवली. “तिसऱ्या वळणावर सगळे पुढे पळाले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी मागे फिरलात, त्याबद्दल.”

ती एक ओळ मी दिवसभर पुरवली.

माझं काम दातांच्या लॅबमध्ये. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या करतो. प्लास्टर कालवायचं, गुलाबी मेण गरम करून हिरड्या घडवायच्या, एकेक दात लावायचा. दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात, आणि त्या सोळाही मला नुसत्या बघून ओळखता येतात. कवळी बसली की पेशंट हसतो आणि डॉक्टरांचे आभार मानतो. ती कोणी केली हे त्याला ठाऊकही नसतं. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सहा वर्षं सांगत आले होते. त्या दिवशी मेण लावता लावता जाणवलं, की वाटत होतं.

मग रोजच सकाळी एक ओळ मिळू लागली. “मी चुकीच्या गुहेत शिरलो आणि तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल.” “तुमची स्वतःची जखम तशीच ठेवून माझी भरलीत, त्याबद्दल. पण हे पुन्हा करू नका.” एकदा नुसतंच, “आज आलात, त्याबद्दल.”

त्या दिवशी मी एका आजोबांच्या कवळीत सुळा उलटा लावला. लॅबवाले काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “लक्ष कुठंय?”

“इथेच,” मी म्हणाले.

“इथे तर मी आहे,” काका म्हणाले. “मला नाही दिसलं.”

महिनाभराने त्याने विचारलं, “बोलूया का? म्हणजे… आवाजाने.”

मी तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी हेडफोन लावला आणि कानात एक दमलेला, किंचित घोगरा आवाज आला. “हॅलो… ऐकू येतंय का तुम्हाला?”

“येतंय,” मी म्हणाले, आणि पुढचं सगळं विसरले.

तो नर्स होता. माझ्या शहरापासून नऊ तासांवरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात. रात्रपाळी संपवून खोलीवर यायचा, तोंड धुवायचा, चहा टाकायचा आणि खेळायला बसायचा. म्हणूनच सकाळचे सहा.

“म्हणजे रात्रभर तुम्ही दुसऱ्यांच्या जखमा बघता,” मी म्हणाले, “आणि सकाळी येऊन मार खाता?”

“सकाळी माझ्या जखमा कोणीतरी बघतं,” तो म्हणाला. “बदल म्हणून बरं असतं.”

“तुम्हाला देतात का हो टिप?”

“आम्हाला घ्यायला मनाई आहे. पण एका आजोबांनी घरी जाताना माझ्या खिशात संत्रं कोंबलं होतं.” तो हसला. “ते मी घेतलं. सालीसकट वास घेत घेत खाल्लं.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं? मला नेमकं आठवतं. डोंगरावरचा पूल कोसळत होता आणि मी ओरडले, “अहो, उडी मारा — अरे, उडी मार ना.” त्याने मारली. वाचला.

“त्याबद्दल किती देऊ?” त्याने हळूच विचारलं.

“कशाबद्दल?”

“अरे म्हणालीस, त्याबद्दल.”

बरं झालं, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. आईला दिसत होता. ती कपबशी घेऊन दारात उभी होती. तिने चहा ठेवला आणि गेली.

एका सकाळी त्याने विचारलं, “तू कायम माझ्या डाव्या बाजूलाच का उभी असतेस?”

“उजवीकडून तुझी ढाल दिसते.”

“आणि डावीकडून?”

“…तू.”

पलीकडे चमचा कपात फिरत होता. तो थांबला.

“साखर विरघळली वाटतं,” मी म्हणाले.

“मी साखर घेतच नाही,” तो म्हणाला.

आम्ही एकमेकांचा फोटो मागितला नाही. का, ते कोणी बोललं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला भीती वाटायची, की चेहरा दिसला की सकाळचा तो तास साधा होऊन जाईल. संध्याकाळी लॅबमधून येताना बसच्या काचेला डोकं टेकून मी त्याच्या हातांचा विचार करायचे. सलाइनची सुई टोचणारे हात. लांब असतील का बोटं? नखं कापलेली असणार, नर्स आहे. एवढंच मला खात्रीने ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर माझे सहा थांबे निघून जायचे.

सहाव्या महिन्यात एका मंगळवारी राक्षस पडला, बाकीचे गेले, आणि भिंतीने माझ्या हातात सामान द्यायला सुरुवात केली. आधी ढाल. मग चिलखत, घोडा, तलवार. वर्षावर्षांनी मिळणाऱ्या वस्तू. शेवटी सगळी नाणी. समोर उभा राहिला तो नुसत्या सदऱ्यातला एक माणूस.

हा खेळ खेळणाऱ्या कोणालाही याचा अर्थ कळतो. खेळ सोडून जाणारी माणसंच असं करतात.

“हे काय चाललंय?”

“टिप.”

“खेळ संपल्यावर द्यायची असते,” मी म्हणाले. “संपलाय का?”

मग अडखळत, थांबत थांबत त्याने सांगितलं. दूरच्या डोंगरात एक खाणकामगारांची वसाहत आहे. तिथल्या छोट्या दवाखान्यात दीड वर्षापासून नर्स नाही. याने अर्ज केला होता, मी भेटायच्याही आधी. आता बोलावणं आलं होतं. चौदा महिने. तिथे इंटरनेट नाही. ऑफिसात एक फोन आहे, त्याला रांग असते. शुक्रवारी दुपारी चारची बस.

“आणि हे तू मंगळवारी सांगतोयस.”

“बोलावणं येऊन तीन आठवडे झाले,” तो म्हणाला. “आधी सांगितलं असतं तर आपण दिवस मोजत बसलो असतो. मला ते… मला साध्या सकाळी हव्या होत्या.”

“तुझ्या एकट्याच्या होत्या का सकाळी?” माझा आवाज फुटला. मी हेडफोन काढून ठेवला. सगळं सामान एकेक करून त्याला परत दिलं आणि लॅपटॉप मिटला.

बुधवारी मी खेळायला बसले नाही. गुरुवारी बसले, तो नव्हता. त्याची जागा घ्यायला कोणी दुसराच आला, चांगला खेळत होता बिचारा. मी त्याला दोनदा मरू दिलं.

गुरुवारी जेवताना मी आईला म्हणाले, “उद्या पहाटेच्या बसने जाऊन येते. एकाला भेटायचंय.”

आईने भाजी वाढली. “ज्याला रोज सकाळी वाचवतेस, त्यालाच ना?”

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“भिंतीला कान असतात की नाही ते ठाऊक नाही,” आई म्हणाली, “पण आपल्या घरातल्या भिंती पातळ आहेत. स्वेटर घे. बसमध्ये गारठतं.”

निघताना खेळातल्या चॅटमध्ये मी त्याला एवढंच कळवलं, की तीन वाजता स्टँडवर येते. पण बस वाटेत बंद पडली, दुसरी आली, आणि तीनचे साडेतीन झाले. स्टँडवर माणसांची ही गर्दी. मी त्याला कसं ओळखणार होते? आवाज काही चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. मी फलाटाफलाटावरून बघत निघाले. नऊ नंबरपाशी एक जण बॅगेवर बसला होता. माझ्या कल्पनेपेक्षा बुटका, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. एका म्हातारीची पिशवी कलंडत होती, ती त्याने न बघताच हाताने सावरून धरली. बोटं लांब नव्हती. नखं कापलेली होती.

मी जाऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले.

त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उभा राहिला.

“उशीर केलास,” तो म्हणाला. कानात पाच महिने असलेला आवाज असा समोर ऐकताना मला रडू आलं.

“तू तर तीन आठवडे केलास.”

“हो.” त्याने मान खाली घातली. “चुकलं माझं.”

आमच्याकडे पंचवीस मिनिटं होती. त्यातली दहा आम्ही नुसतेच उभे होतो. त्याने माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. “हे काय?”

“मेण. निघत नाही लवकर.”

त्याने माझा हात हातात घेतला आणि आपल्या नखाने ते मेण हलकेच खरवडून काढलं, ड्रेसिंग करावं तसं, अजिबात घाई न करता. काढून झालं तरी हात सोडला नाही.

“मला तुला काहीतरी सांगा—”

“नको,” मी म्हणाले. “आत्ता बोललास तर मी तुझ्या बसमध्ये चढेन. तिकीट नाहीये माझ्याकडे.”

तो हसला, आणि मला त्याचा समोरचा दात दिसला. कोपऱ्यावर टवका उडालेला.

“हे कधी झालं?”

“वॉर्डात. एका पेशंटचं कोपर लागलं.”

“बसवून देते. दोनदा यावं लागेल. एकदा मापाला, एकदा बसवायला.”

“दोनदाच?”

“नीट नाही बसला तर आणखी,” मी म्हणाले. “सहसा माझा पहिल्यांदा बसतो. पण तुझा… सांगता येत नाही.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो चढला. खिडकीची काच वर जाईना, म्हणून त्याने तळवा काचेला टेकवला. मी टाचा उंचावल्या, तरी माझा हात पोचला नाही. बस वळली तेव्हा मी तशीच, टाचा उंचावून उभी होते.

त्यानंतरचे चौदा महिने सांगण्यासारखे नाहीत. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोन वाजता फोन यायचा. पाच मिनिटं. त्याच्या मागे रांगेतल्या कामगारांचं खोकणं, हसणं ऐकू यायचं. तो सांगायचा की आज एक बाळंतपण केलं, आज एकाची बोटं वाचली. मी सांगायचे की पाऊस आहे, आई बरी आहे. मधेच आम्ही गप्प व्हायचो, आणि त्या पाच मिनिटांतलं ते गप्प राहणंच मी पुढचे तेरा दिवस पुन्हा पुन्हा ऐकायचे. एकदा मागून कोणीतरी म्हणालं, “बोला की राव, लाइन वाया चालली.” तो त्यांना म्हणाला, “बोलतोच आहे.”

परवाच्या शनिवारी त्याने सांगितलं, “नवा नर्स आलाय. मी गुरुवारी निघतो. शुक्रवारी तुझ्या गावात.”

सोमवारी मी लॅबवाल्या काकांसमोर जाऊन उभी राहिले. “शुक्रवारी सुट्टी हवी होती.”

“कशाला?” काकांनी हातातली कवळी न ठेवता विचारलं.

“लग्नाचं बोलायचंय.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

काकांनी कवळी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “अगं, एवढं सगळं ठरलं आणि आम्हाला पत्ता नाही? मुलगा काय म्हणतो?”

“त्याला अजून कुठे विचारलंय,” मी म्हणाले. “तेच शुक्रवारी विचारायचंय.”