कोण जेवूचो रवलो?

आमच्या बंदररस्त्यावर आता बांगडा मिळत नाही, 'कोस्टल मॅकरेल' मिळतो. बांगडा तोच, फक्त आता त्याच्याखाली केळीचं पान आणि पानाखाली पाट असतो. गंगारामचा बार गेला, तिथे झोपाळे टांगलेलं कॅफे आलं. लोक झोपाळ्यावर बसून सोलकढीचे फोटो काढतात, तोवर सोलकढी फुटते. गंगाराम तिथेच गणवेश घालून दारावर उभा असतो. मला म्हणतो, "टीचर, आधी बेवड्यांका बाहेर काढी होतंय, आता पावण्यांका आत घेतंय. काम तांच."

मी मर्लिन. इथल्या हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून सगळ्या मालवणला मी टीचरच. आमची खानावळ माझ्या सासूची, रोझालिनाची. चार बाकं, एक फळा आणि भिंतीवर सायबिणीचा, म्हणजे मारियामातेचा, फोटो. माझ्या नवऱ्याचं, कुस्तोदियोचं, आयुष्य जहाजावर गेलं. मी त्याला फक्त सुट्टीत ओळखत होते, आणि तो वारला तेव्हाही तिकडेच होता. त्यामुळे आमचा ॲल्स्टन क्रूझच्या किचनमधली नोकरी सोडून आला आणि म्हणाला, "मम्मी, खानावळीचं रेस्टॉरंट करूया. चाललं तर मी इथेच. नाही चाललं तर जानेवारीत परत जहाज," तेव्हा मी देवाकडे एकच मागितलं. पोरगा घरी राहू दे. बाकी काय ते तू बघ.

आता खानावळीतली एक रीत सांगते. दुपारी तीनला, सगळ्यांची जेवणं झाली की टोप घासायला टाकण्याआधी सासूबाई मागीलदारी उभ्या राहायच्या. समोर माड, माडांपलीकडे समुद्र. त्या साद घालायच्या, "कोण जेवूचो रवलो आसा काय?" मग राखून ठेवलेला भात आणि कढी माडाखालच्या दगडावर वाढून आत यायच्या.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी जेवायची राहिले होते. त्यांनी विचारलं, तर मी आपली सरळ 'मी' म्हणायला गेले. म्हातारीने असा हात दाबला माझ्या तोंडावर, की दोन दिवस मिशीला मसाल्याचा वास येत होता.

"विचारणा घरच्यांका नाय गो, दर्यात रवल्यांका," त्या म्हणाल्या. "एकदाच विचारूचां. जेवाण राखल्याशिवाय विचारूचां नाय. आणि घरातल्यान जाप देवची नाय."

जाप म्हणजे उत्तर, ते घरच्या माणसाने द्यायचं नाही. मी म्हटलं, असेल. भात कावळे आणि मांजरं खातात, हे मला दिसत होतं. सासवांच्या किती रीतींना पुरावा मागणार?

ॲल्स्टनने जागा छान केली हो. मासळीच्या टोपल्यांचे दिवे, उघडं किचन, दहा टेबलं, वाढायला संचिता. एका पुण्याच्या मुलीने सासूबाईंच्या त्या सादेचा व्हिडिओ टाकला आणि तो असा फिरला, की लोक ती ऐकायलाच येऊ लागले. मग आमच्या हुशार दिवट्याने आजीचा आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर लावला. बारा ते चार, दर अर्ध्या तासाने.

आमच्यात आजीला शामाय म्हणतात. तो म्हणाला, "शामाय, गिऱ्हाइकांका आवडता."

"आवडात तेंका," म्हातारी म्हणाली. "पण जेवाण खंय राखलंस?"

तो हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. धंदा चालला होता. जहाजवाल्यांचं बोलावण्याचं पत्र त्याने उघडलंसुद्धा नव्हतं.

आठवडाभरात संचिता म्हणाली, "टीचर, नऊ नंबराची खुर्ची परत भिजली."

नऊ नंबर म्हणजे मागीलदाराजवळचं टेबल. मी बोट फिरवून चाखलं. खारट. म्हटलं, एसीवाल्याला बोलव. एसीचं पाणी खारट नसतं आणि एसी समोरच्या भिंतीला आहे, हे मला ठाऊक होतं. पण आधी सोपं उत्तर तपासायचं, ही माझी सवय.

मग तिच्या वहीत ऑर्डर निघाली. 'नऊ : पेज, सुकट.' आमच्या मेन्यूत पेज नव्हतीच.

"कोणी सांगितली?"

"आठवणा नाय." ती ओशाळली. "पण सांगितल्यानी खरी."

ॲल्स्टन खूश. "मम्मी, लोकांना अस्सल पाहिजे!" त्याने पेज आणि सुकट मेन्यूत घातली आणि मुंबईवाले पेजेवर तुटून पडले. चाळीस माणसांचा भात पंचवीस माणसांत संपू लागला. बाहेरून डोकावणारे "आत जागा नाही वाटतं" म्हणून परत फिरायचे. मी वळून बघायचे, तर तीन टेबलं रिकामी. मी संचिताला म्हटलं, आपल्या काचांना काहीतरी झालंय. काचा पुसून घेतल्या.

नाताळच्या सुट्टीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. सव्वीस तारखेला ॲल्स्टन सकाळपासून उपाशी होता. मी दोनदा हाक मारली. येतो येतो म्हणाला, आला नाही. अडीच वाजले. दोन्ही हातांत ट्रे घेऊन तो टेबलांमधून जात होता, तेवढ्यात स्पीकरवर शामाय बोलली, "कोण जेवूचो रवलो आसा काय?"

तो थांबला. गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारला.

"मी रवलंय, शामाय! माका वाड!"

सगळं हॉटेल हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या.

किचनमध्ये म्हातारीच्या हातातला डाव टोपात पडला. ती मुठीत भात घेऊन तशीच धावत बाहेर आली आणि ऐंशी वर्षांच्या त्या बाईने सगळ्यांसमोर नातवाच्या तोंडात घास कोंबला. लोकांनी त्याचाही व्हिडिओ काढला.

ॲल्स्टनने तो घास गिळला. मग ताटभर जेवला. मग अजून एक ताट.

"मम्मी," तो म्हणाला, "भूक लागली गो."

स्पीकर मी त्याच दिवशी काढून कपाटात ठेवला. आता तीनला सासूबाईच विचारतात, एकदाच, आणि टोपभर भात राखून. दगडावरचा भात संध्याकाळपर्यंत तसाच असतो. कावळेही येत नाहीत.

हॉटेल मात्र जोरात आहे. ॲल्स्टन आनंदात असतो, थट्टा करतो. फक्त काम आटोपलं की नऊ नंबरवर जाऊन बसतो आणि खातो. वाळत चाललाय. सदऱ्याची पाठ कायम ओली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. जहाजाचं पत्र त्याने फाडलं. "मी आता खंय जातंय?" म्हणाला. हे ऐकायला मी जन्मभर थांबले होते, आणि ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तेव्हापासून मी रोज अकराला जेवून घेते, भूक असो नसो.

काल संचिता रजेवर होती. मी धावतच होते, अकराचं जेवणही राहिलं. तीन वाजले. मागीलदारी सासूबाईंची साद झाली.

मी नऊ नंबरजवळून चालले होते. चार खुर्च्या. तीन ओल्या, त्यातल्या एकीवर ॲल्स्टन.

त्याने चौथी खुर्ची पायाने बाहेर ओढली. खांद्यावरच्या फडक्याने पुसली. लहानपणी बघायचा तसा लाडाने माझ्याकडे बघितलं.

"मम्मी, तू जेवलंस?"

मी स्वतःच माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला मसाल्याचा वास होता आणि मला सपाटून भूक लागली होती.